खारबावचा मोहोर

पारिजात, बकुळ आणि केतकी अशी तिन्ही इमारतींना फुलांची नावं देऊन बिल्डरनं फुलांचा विषय कायमचा मिटवून टाकला होता. आवारात झाड म्हणून एक पाम, तोही कुंडीतला, आणि त्याच्या बुंध्याशी वॉचमन गुटख्याच्या रिकाम्या पुड्या खोचून ठेवायचा. बाकी सगळी फरशी. त्या फरशीवर पलीकडच्या कारखान्यांतून कापसाची पांढरी लव उडत येऊन बसायची. नवं कुणी राहायला आलं की पहिल्याच सकाळी विचारायचं, हे काय पडलंय? जुने सांगायचे, लूमचं आहे, झाडून टाका. भिवंडीचा बारमाही बहर तो हाच.

अशा ह्या ठिकाणी दर वसंतपंचमीला वसंताचं स्वागत व्हायचं, आणि चांगलं माईक लावून व्हायचं. वसंतानं यावं की न यावं हा त्याचा प्रश्न. मंडळ मात्र पिवळ्या साड्या नेसून तयार.

मंडळाच्या अध्यक्ष प्रमोदिनीबाई, म्हणजे मृणालीच्या सासूबाई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण निवृत्त झाल्या त्या शाळेतून, आवाजातून नव्हे. गेल्या वर्षी त्यांचा फार मोठा अपमान झाला होता. बकुळमधल्या विनितावहिनींनी कल्याणच्या बाजारातून प्लास्टिकच्या माळा आणून सरस्वतीच्या तसबिरीला घातल्या, आणि वर सगळ्यांना सांगितलं, "धुऊन ठेवल्या की दर वर्षी चालतात." बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून प्रमोदिनीबाई गप्प होत्या. त्या गप्प असल्या की घरातले सगळे जपून चालायचे.

यंदा पंचमीच्या चार दिवस आधी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'यंदा देवीला प्लास्टिक नव्हे, खरा आम्रमोहोर अर्पण करण्यात येईल. आमच्या व्याह्यांच्या खारबाव येथील आमराईतून.' त्याखाली हात जोडलेली चित्रं, त्याखाली फुलं, त्याखाली पुन्हा हात.

मृणाली तेव्हा सईला भात भरवत होती. चार वर्षांची सई एकेक घास चिमणीचा, कावळ्याचा, वॉचमनकाकांचा असं विचारून घ्यायची. सासूबाईंनी मोबाईल तिच्यासमोर धरला. मृणालीनं वाचलं आणि वॉचमनकाकांचा घास हातातच राहिला.

"आई, आमराई कुठली? एकच झाड राहिलंय तिथं."

"एकाला काय झालं? मोहोर आलाय ना? तूच म्हणत होतीस."

"आलाय, पण एकाच फांदीला. आणि त्या झाडाचं..."

"पाच डहाळ्या पुरेत. चांगल्या भरघोस बघून आण. माणसांना लांबून दिसल्या पाहिजेत."

"त्या फांदीला तेवढ्याच आहेत, आई."

"मृणाली," प्रमोदिनीबाई चष्म्यावरून म्हणाल्या, "निसर्ग देतो तेव्हा हातचं राखून देत नाही. कद्रूपणा आपण करतो."

हे वाक्य त्यांनी लगेच ग्रुपवरही टाकलं.

मृणालीनं नवऱ्याकडे पाहिलं. सुयश हा आई आणि बायको यांच्या मधोमध मोबाईल धरून बसणारा माणूस होता. तो मान वर न करता म्हणाला, "चार काटक्यांनी काय होतं गं?"

काय होतं ते मृणालीला ठाऊक होतं. खारबावला रस्त्याकडेची सगळी जमीन तिच्या वडिलांनी, भाऊंनी, गोदामाला दिली होती. जिथं भाताची खाचरं होती तिथं आता निळ्या पत्र्यांच्या छपराखाली खोकी होती, आणि भाऊ पांढरी पँट घालून भाड्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे. उरलं होतं ते घरापुढचं एक रायवळ आंब्याचं झाड. गोदामाची भिंत घातली तेव्हा त्याच्या एका अंगाची मुळं तोडली गेली, आणि तेव्हापासून झाड रुसलं. पानं होती, सावली होती, फळ नाही. गोदामवाल्याला लॉरी वळवायला ती जागा हवी होती आणि भाऊंची ना नव्हती. ना होती ती मृणालीच्या आयेची, हौसाबाईची. "फलतं झाड तोडू न्हाय," हे तिचं एकच म्हणणं. भाऊ म्हणायचे, "फलतं कुटं हाय?" शेवटी दोघांत ठरलं. यंदा शिमग्यापर्यंत कैरी दिसली तर झाड राहील. नाही दिसली तर होळीला लाकूड.

आणि यंदा विहिरीकडच्या फांदीला मोहोर आला. नेमकी ती फांदी जिला मृणालीचा झोका असायचा. गेल्या रविवारी सईनं तिच्याखाली उभं राहून ती आपल्या नावावर करून घेतली होती.

हे सगळं मृणालीनं सासूबाईंना एकदा सांगितलं. त्या तेव्हा सूत्रसंचालनाचा कागद लिहीत होत्या. "हो हो," म्हणाल्या, "बघून तोड म्हणजे झालं."

बघून तोड! मृणालीनं मनातल्या मनात त्या वाक्याला पिवळी साडी नेसवली आणि माईकसमोर उभं केलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी ती सईला घेऊन खारबावला गेली. भाऊ फाटकाशीच उभे होते.

"आयलीस गो बाय? ईनबायचा फोन आलता. म्हंगाल्या, डहाल्या पायजेत." भाऊंच्या तोंडावर असा आनंद होता की जणू त्यांना जावई पुन्हा मिळाला. "ने, ने. ईनबाय मांगतान, त न्हाय कसा म्हनाचा?"

आणि कोयता घेऊन आलेसुद्धा. मृणालीच्या लग्नात मांडवाला आंब्याचा टहाळा हवा होता तेव्हा दहा हाका मारूनही न उठलेले भाऊ आज स्वतःहून शिडी लावत होते. मोहोर गेला तर कैरी नाही, कैरी नाही तर झाड नाही. वर पाप विहीणबाईंच्या देवीच्या माथी. इतका सोयीचा वसंत भाऊंच्या आयुष्यात कधी आला नव्हता.

सई फांदीखाली जाऊन उभी राहिली. "आजोबा, ही माझी आहे."

"तुजीच गो पोरी. थोरी मोटी हो."

"मी मोठीच आहे."

तेवढ्यात हौसाबाई ओटीवरून उतरली. उंच, काळीसावळी, नऊवारीचा काष्टा आवळलेला. तिनं भाऊंकडे पाहिलं, कोयत्याकडे पाहिलं, आणि सरळ म्हणाली, "गोदामान तो मेनेजर बोलीवतं तुमाला. भाऱ्याचा कायतरी हाय."

भाड्याचं नाव निघाल्यावर भाऊ शिडीवर टिकणं शक्यच नव्हतं. ते गेले. मॅनेजरनं बोलावलं नव्हतं, हे त्यांना तिथं पोचल्यावर कळणार होतं.

हौसाबाईनं कोयता उचलून ओटीच्या वळचणीला खोचला. "आता बोल. तुजी सासू देवीला फूल वाहते का झाराच्या पोटातला पोर?"

"आये, मी सांगितलं गं तिला."

"काय सांगलास? हलू सांगलं आसशील. तू लहानपनापासना हलू सांगतेस." तिनं फांदी हातानं खाली ओढली. मोहोराचे तुरे तिच्या कपाळाला लागले. बारीक पिवळट फुलं, त्यांच्या देठांवर जरा तांबूस झाक, आणि भोवती माश्या. "तू पोटान व्हतीस तवा ह्या झाराखाली बसून मी आंबट मांगलं व्हतं. सईच्या येलेला तू मांगलास त यान दिलं न्हाय. आता देतंय त ते बायला तसबिरीम्होरं ठेवाचंय."

सई पोटात असताना मृणालीनं खरंच ह्या झाडाची कैरी मागितली होती, आणि सुयशनं बाजारातून तोतापुरी आणून दिली होती. तेव्हापासून तोतापुरीवर तिचा राग होता.

हौसाबाई घरामागं बघत होती. तिथं शेवगा होता. पांढराशुभ्र, पानांपेक्षा फुलं जास्त, आणि खाली जमीन पांढरी झालेली.

"तुज्या सासूनं मोहोर कवा पायला?"

"पाहिला म्हणजे? तिनं शाळेत शिकवलाय."

"शिकवला त शिकवला. पायला कवा?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मृणालीला हसू आलं. मग भीती वाटली. मग पुन्हा हसू आलं, आणि हे दुसरं हसू पहिल्यापेक्षा दुष्ट होतं.

आंब्याच्या वांझ अंगाच्या पानांच्या डहाळ्या हौसाबाईनं काढल्या, मृणालीनं शेवग्याचे घोस. घरात लूमच्या दोऱ्याची रिळं होतीच. कारखान्यातला टाकाऊ दोरा आख्ख्या तालुक्यात लोणच्याच्या बरणीपासून गुरांच्या खुंट्यापर्यंत सगळीकडे बांधलेला असतो. डहाळीच्या शेंड्याला घोस लावायचा, दोरा गुंडाळायचा, वर एक पान ओढून गाठ झाकायची. गाठ मारताना हौसाबाई जीभ दातांत धरायची. आपणही तसंच करतोय हे मृणालीला सई खदखदून हसली तेव्हा कळलं.

"काय मस्त दिसतंय गं, आये. वहिनींच्या प्लास्टिकपेक्षा खोटं."

"खोटं कशाला? फुलं खरी हायेत, पानं खरी हायेत. लगीन तेवढं आपन लावलं."

सईला परत परत बजावलं, कुणाला सांगायचं नाही, गंमत आहे. सईनं ओठांवर बोट ठेवलं. चार वर्षांच्या पोराच्या पोटात गुपित म्हणजे चाळणीत पाणी, हे मृणालीला समजत होतं, पण बस सुटायची वेळ झाली होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी स्वतः पिशवीतून डहाळ्या काढल्या, एक डहाळी डोळ्यांजवळ नेली, फिरवली, खाली ठेवली. "छान," म्हणाल्या. "पाणी शिंपड म्हणजे उद्यापर्यंत टवटवीत राहतील."

इतकंच! मृणालीला वाटलं होतं निदान वास तरी घेतील. तीन दशकं फळ्यावर ऋतू काढले बाईंनी, आणि मोहोर म्हणून शेवग्याची फुलं हातात घेऊन छान म्हणाल्या. रात्री सईला थोपटताना तिला इतकं हसू येत होतं की थोपटणं चुकत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फरशीवर सतरंज्या पडल्या. पिवळ्या साड्यांचा असा काही लोट आला की हळदीच्या गिरणीत स्फोट झाल्यासारखं वाटावं. एका बाजूला विनितावहिनींनी धुतलेल्या प्लास्टिकच्या माळा आणून टांगल्याच, "असू दे गं, जोडीला," म्हणून. मधोमध सरस्वतीची तसबीर, आणि तिच्यापुढे खारबावच्या आमराईचा मोहोर.

विनितावहिनी वाकल्या. "इतका पांढरा असतो मोहोर?"

मृणालीनं उगाचच सतरंजीची घडी सारखी केली. पण प्रमोदिनीबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "रायवळ आहे तो. रायवळाचा असाच येतो. हापूसचा तुम्ही पाहिला असेल, तो वेगळा."

"हो हो, हापूसचाच पाहिलाय मी," विनितावहिनी घाईनं म्हणाल्या, आणि हापूसचा मोहोर पाहिलेली बाई म्हणून जरा ताठ बसल्या.

पाहुण्या होत्या ठाण्याच्या सुकन्याताई. 'ऋतू आणि आपण' ह्या विषयावर त्या गावोगाव बोलायच्या, आणि कुठल्याही ऋतूत तेच भाषण चालायचं. त्यांनी एक डहाळी उचलली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला.

"अहाहा! हा गंध! भगिनींनो, हाच तो मादक गंध, ज्यानं कोकिळेला कंठ फुटतो."

गेटाबाहेर कापडाचे तागे भरलेला टेम्पो मागं येत होता, त्याला कंठ फुटला. पीं पीं पीं. सुकन्याताई थांबल्या, टेम्पो संपू दिला, आणि पुन्हा डोळे मिटले. मग बायका रांगेनं उठल्या. प्रत्येकीनं वास घेतला, प्रत्येकीनं अहाहा म्हटलं. एकीला तर लहानपणीचं आजोळ आठवून डोळ्यांत पाणी आलं. शेवग्याच्या आमटीचं आजोळ असेल, मृणालीला वाटलं. डहाळ्यांसोबत फोटो निघाले, चेहऱ्याला लावून, केसांत धरून. तिनं तोंडावर पदर घेतला आणि खोकल्याचं निमित्त केलं. एवढ्या बायका, एवढी पदवीपत्रं, आणि एका नाकाचा पत्ता नाही!

त्या गडबडीत एकच गोष्ट तिला जराशी खटकली. डहाळ्यांतून गळलेली फुलं सतरंजीवर पडत होती, आणि प्रमोदिनीबाई येता-जाता वाकून ती वेचत होत्या, एकेक, पदरात.

मग मुलांचे कार्यक्रम. सई मोहोर झाली होती. डोक्याला पिवळा कागद, गालाला पिवळी पावडर. तिला एकच वाक्य होतं, 'मी आंब्याचा मोहोर, वसंताचा पहिला पाहुणा.' ती माईकसमोर आली, आधी आईला शोधलं, मग हसली. ते हसू पाहताच मृणालीचा जीव गलबलला. हे एवढंसं माणूस आपल्यातून आलं, आणि आता पिवळं होऊन उभं आहे!

"मी आंब्याचा मोहोर," सई म्हणाली. "वसंताचा पहिला पाहुणा."

टाळ्या झाल्या. तिथं उतरायचं. सई उतरली नाही. टाळ्या ऐकल्यावर तिला आपल्याजवळचं आणखी चांगलं वाक्य आठवलं.

"आणि आमच्या आंब्याला ना, शेंगा येणार आहेत!"

हशा पिकला. सुकन्याताईंनी तर रुमाल काढला. पण विनितावहिनी हसल्या नाहीत. त्या पुढं सरकल्या. "शेंगा? कसल्या शेंगा गं, सई बाळा?"

मृणाली सतरंजीवरून उठून पुढं निघाली. सईनं तोंड उघडलं. त्याच क्षणी प्रमोदिनीबाईंनी माईक काढून घेतला.

"पाहिलंत? ही बालमनाची कल्पनाशक्ती! आंब्याला शेंगा! आपण मोठी माणसं असं स्वप्न पाहू शकतो का? जोरदार टाळ्या!"

बायकांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. विनितावहिनींनीही वाजवल्या, कारण न वाजवल्या तर स्वप्न न पाहणाऱ्यांत जमा झाल्या असत्या.

घरी आल्यावर मृणालीनं सईच्या गालाची पावडर पुसली. सई पुसता पुसताच झोपली. स्वयंपाकघरात आली तर प्रमोदिनीबाई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या होत्या. पाचही डहाळ्या पुढ्यात. त्या दोऱ्याच्या गाठी सोडत होत्या. घोस मोकळे करून फुलं ताटात, देठ बाजूला. हात असा चालत होता की हे काम त्यांनी जन्मभर केलंय.

"उभी काय राहिलीस? कांदा चीर. शेवग्याची फुलं शिळी झाली की कडू लागतात."

मृणाली कांदा घेऊन बसली.

"आई, तुम्हाला कधी कळलं?"

"काल. पिशवीतून काढली तेव्हाच. लूमच्या दोऱ्यानं बांधलेला मोहोर मी तरी पहिल्यांदाच पाहिला." त्यांनी एक देठ मोडला. "आमच्या घरामागं शेवगाच होता. दोन वेळची भाजी त्याची व्हायची. आम्रमोहोर कसला, आंबा आम्ही अक्षय्यतृतीयेला बघायचो, तोही फोडी करून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ग्रुपवर आमराई लिहून बसले होते." त्या चष्म्यावरून पाहू लागल्या. "तू मला अडाणी समजलीस, ते राहू दे. पण झाड होळीत जाणार होतं तर नाही म्हणायचं होतंस."

"म्हटलं होतं, आई. सगळं सांगितलं होतं."

"म्हटलं होतंस. एकदा. हळू. दुसऱ्यांदा म्हणायला जीभ झिजत होती?"

मृणालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. कांद्याचं. आदल्या रात्रीपासून ती जिला हसत होती ती बाई कालपासून सगळं जाणून, पाणी शिंपडून, रायवळ म्हणून छातीठोक खोटं बोलून, वर फुलं वेचत हिंडत होती. ह्या घरात दोघी नट्या होत्या, आणि मृणाली त्यांतली धाकटी.

"आणि त्या सुकन्येला पुढच्या वर्षी बोलवायचं नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "अहाहा काय! नाक आहे की पिपाणी?"

भाजी झाली. सुयशनं दोनदा घेतली आणि विचारलं, कसली आहे? दोघींनी त्याला तिसऱ्यांदा वाढली.

शिमग्याआधीच्या रविवारी प्रमोदिनीबाई स्वतः खारबावला आल्या. भाऊ झाडाखाली उभे होते. मोहोर झडून गेला होता, आणि काळ्या पडलेल्या काड्यांवर इथं-तिथं काहीतरी हिरवं धरलं होतं, वाटाण्याएवढं.

"याला कैरी म्हनत न्हाय," भाऊ म्हणाले. "हे वाऱ्यानं परल. कैरी म्हंजी कशी, हातान बसली पायजे."

"कैरीच हाय," हौसाबाई म्हणाली.

"न्हाय."

दोघांनी प्रमोदिनीबाईंकडे पाहिलं. मृणालीनंही पाहिलं. त्या फांदीखाली गेल्या, चष्मा सारखा केला, आणि तपासनीस वर्गात शिरावा तशा त्या इवल्याशा हिरव्या गोळ्यांकडे बघत राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, त्या आवाजात, ज्यापुढे शाळेत कधी कुणी उलट बोललं नव्हतं, "ही कैरी आहे. मी शिकवलंय."

भाऊ तडक गोदामाकडे निघून गेले.

हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. प्रमोदिनीबाईंनी मोबाईल काढून फांदीचा फोटो घेतला आणि तिथल्या तिथं ग्रुपवर टाकला. मृणालीनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'खारबावच्या आमराईतून.'

"आई, आमराई?"

"गप्प बस. सईला उचल, तिला दिसत नाहीये."

मृणालीनं सईला उचललं. सईनं दोन्ही हात वर केले, आणि फांदीपासून वीतभर खाली तिचे हात आपण होऊन थांबले. बाहेर रस्त्यावर एक लॉरी झाडाला वळसा घालून मागंपुढं करत होती, ड्रायव्हर हिंदीत झाडाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि झाडाला, ह्या वर्षी तरी, पुढची पिढी होती.